उपासाच्या ताटातला बटाटा

एकादशीचा उपास आणि बटाट्याचा कीस यांची जोडी आपल्या घरांतून इतकी रुळली आहे, की ती शास्त्रानेच लावून दिली असावी असे वाटते. पण ताटाकडे जरा निरखून पाहिले तर मोठी मौज दिसते. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, आणि आपल्याकडे ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात तो कसावा, ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातली! धर्मशास्त्रकारांना त्यांची नावेही ठाऊक नव्हती. निषेधाच्या यादीतून ती सुटली, ती बहुधा त्यामुळेच.

बटाटा हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा रहिवासी. पोर्तुगीजांनी तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणला असे मानतात. त्याचे मराठी नाव तर त्यांच्याकडूनच आले. आपण इंदूरकर मंडईत 'आलू'चा भाव करतो आणि पिशवी स्वयंपाकघरात रिकामी केली की त्याच आलूचा 'बटाटा' होतो. दोन भाषांत नांदणाऱ्या आपल्या घरांची याहून साधी खूण कोणती सांगावी?

या पाहुण्याचे लाड मात्र शेतकऱ्याला फार करावे लागतात. गहू-ज्वारीसारखा बटाटा दाण्यांनी पेरत नाहीत. त्याचा कंदच जमिनीत लावतात आणि त्याच्या डोळ्यांतून नवे झाड येते. हेक्टरी सुमारे 25 ते 30 क्विंटल बियाणे लागते, म्हणजे शेताच्या खर्चातला मोठा वाटा लागवडीपूर्वीच मातीत जातो. शिवाय कंदापासून कंद अशी ही परंपरा असल्याने गुणांबरोबर रोगही पुढच्या पिढीकडे जातात. एकाच वाणावर सारा देश विसंबला तर काय होते, ते आयर्लंडने 1845 पासून पुढे चार-पाच वर्षे भोगले. करप्याने पीक कुजले, सुमारे 10 लाख माणसे भुकेने व साथींनी मेली आणि तितकीच, किंबहुना अधिक, देश सोडून गेली.

आपल्याकडील दुखणे काहीसे वेगळे होते. मैदानी भागात मावा नावाची बारीक कीड पानांतला रस शोषते आणि एका झाडाचे विषाणू दुसऱ्याला पोचवते. अशा रोगट झाडाचे कंद वरून धडधाकट दिसतात. पण दोन-चार हंगामांत ते बियाणे थकते, पाने गुंडाळू लागतात आणि उत्पन्न घसरते. म्हणून निरोगी बियाण्यासाठी डोंगराकडे पाहावे लागे. पण डोंगरातला कंद काढणीनंतर सुप्तावस्थेत असे, आणि मैदानातल्या लागवडीची वेळ आली तरी तो जागा होत नसे.

स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये पाटण्यास केंद्रीय बटाटा संशोधन संस्था स्थापन झाली व 1956 मध्ये ती सिमल्यास गेली. तेथील डॉ. पुष्करनाथ यांनी या कोड्याचे जे उत्तर काढले, ते ऐकायला अगदी सोपे वाटते. मैदानातही ऑक्टोबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत मावा फार थोडा असतो. त्याच काळात बियाण्याचे पीक घ्यायचे, माव्याची संख्या वाढण्यापूर्वी हिरवागार पाला कापून टाकायचा, साल पक्की होईपर्यंत कंद मातीतच राहू द्यायचे, आणि मग काढून शीतगृहात ठेवायचे. पाला कापल्याने कंद वाढायचे थांबतात, हा तोटा खरा. पण त्या तोट्यातच पुढच्या वर्षीचे निरोगी बियाणे हाती येते. उभे पीक आपल्या हाताने कापायचे म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाला काय वाटत असेल! पण या एका युक्तीने मैदानी प्रदेश आपल्या बियाण्यापुरता स्वतःच्या पायांवर उभा राहिला.

नवे वाण तयार करण्याचे काम मात्र डोंगरातच होते. मैदानातल्या हिवाळ्याच्या लहान दिवसांत बटाट्याला फूल क्वचित धरते, आणि फुलांवाचून संकर कसा करणार? सिमल्याजवळच्या कुफ्रीला उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांत तो चांगला फुलतो. त्यामुळे संस्थेच्या वाणांना कुफ्रीचे नाव लागले. 1968 सालची 'कुफ्री ज्योती' आणि 'कुफ्री चंद्रमुखी' पुष्कळांच्या परिचयाची असेल. पण 1972 च्या वाणाचे नाव ऐकून मराठी कान टवकारावेत: 'कुफ्री लवकर'! पठारी प्रदेशासाठी काढलेले हे वाण नावाप्रमाणेच लवकर तयार होते. हिमालयातल्या गावाचे नाव आणि आपल्या घरातला शब्द असे शेजारी बसलेले पाहून कोणाला गंमत वाटणार नाही?

आता पुन्हा आपल्या स्वयंपाकघराकडे येऊ. काही बटाट्यांचा कीस तुपात परतताना लालभडक होतो आणि खायला गोडसर लागतो, हा अनुभव कोणत्या गृहिणीला नाही? फार थंडीत कंदातल्या पिठाची साखर होते, आणि ती साखर तळताना रंग धरते. खाण्याचे व बियाण्याचे बटाटे शीतगृहात 2 ते 4 अंश सेल्सिअसला ठेवतात, तिथे हे हटकून घडते. चिप्सच्या बटाट्यांना म्हणूनच 10 ते 12 अंशांची ऊब लागते. उत्तरेच्या मानाने माळव्यातली हिवाळ्याची रात्र सौम्य, त्यामुळे इथल्या कंदात साखर कमी राहते. चिप्स करणारे माळव्याचा बटाटा शोधत येतात ते यासाठी. 1998 मध्ये तर खास त्या कामासाठी 'कुफ्री चिप्सोना' ही वाणे निघाली.

माळव्याच्या शेतकऱ्याला यातून एक हक्काचे गिऱ्हाईक मिळाले, पण भाव कोसळला की शीतगृहाचे भाडेही सुटत नाही, हे त्याचे दुःख कोणत्याही वाणाने अजून मिटवलेले नाही. संशोधन कंद निरोगी करील, साखर कमी करील. कष्टाचा मोबदला देणे हे बाजाराचे आणि आपले काम आहे.

तेव्हा पुढच्या एकादशीला किसणी हाती घ्याल, तेव्हा बटाट्याच्या डोळ्याकडे क्षणभर पाहा. कोणी तरी थंडीच्या दिवसांत पानामागून पान उलटून मावा मोजला, आणि कोणी तरी जड हाताने हिरवा पाला कापला, म्हणून तो डोळा निरोगी राहिला. उपासाचे थोडे पुण्य त्यांच्याही पदरी घालायला हरकत नाही.