स्वातंत्र्याची हप्तेबंदी : हैतीच्या गुलामांचा लढा आणि त्याचा हिशोब

जगाच्या इतिहासात राजांच्या लढाया पुष्कळ आहेत. एका राजाने दुसऱ्याचे राज्य घेतले, तिसऱ्याने ते त्याच्याकडून हिसकावले, अशा नोंदींनी पाठ्यपुस्तकांची पाने भरलेली असतात. परंतु ज्यांना माणूस म्हणून मोजलेच जात नव्हते, मालकाच्या मालमत्तेच्या यादीत बैल-घोड्यांच्या शेजारी ज्यांचे नाव व किंमत लिहिली जाई, अशा गुलामांनी बंड करून स्वतःचे राष्ट्र उभे केल्याचे उदाहरण एकच आहे. ते राष्ट्र म्हणजे कॅरिबियन समुद्रातील हैती.

आम्ही बी. ए. ला इतिहास घेतला होता. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे व परिणाम आम्ही तोंडपाठ केले होते. त्याच क्रांतीच्या काळात फ्रान्सच्याच एका वसाहतीत लाखो गुलामांनी आपल्या बेड्या तोडल्या, हे मात्र आमच्या वाचनात फार उशिरा आले. बँकेत कर्जखाती हाताळण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण हा इतिहास वाचताना आमचे लक्ष लढाईपेक्षा लढाईनंतरच्या हिशोबावर अधिक खिळले. तो लढा आणि तो हिशोब सभासद बंधुभगिनींपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

साखरेचे बेट

हिस्पानिओला नावाच्या बेटाचा पश्चिम भाग १६९७ च्या तहाने फ्रान्सकडे आला. त्याचे तेव्हाचे नाव सँ-दोमँग. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जगातील सर्वांत श्रीमंत वसाहत होती. युरोपात येणाऱ्या साखरेचा सुमारे ४० टक्के आणि कॉफीचा निम्म्याहून अधिक भाग या एका लहानशा भूमीतून जाई. पॅरिसच्या सरदारांच्या पेल्यातील गोडवा येथून येत होता.

हा गोडवा पिकविणारे हात मात्र आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेल्या गुलामांचे होते. १७८९ च्या सुमारास त्यांची संख्या पाच लाखांच्या घरात होती आणि गोरे होते तीस-चाळीस हजार. ऊस तोडणे, चरकात घालणे, उकळत्या काहिलीपाशी रात्रंदिवस उभे राहणे, हे काम असे जीवघेणे होते की गुलामांमध्ये जन्मापेक्षा मृत्यू अधिक होत. म्हणून मालक नवे गुलाम विकत आणीत. माणूस जगविण्यापेक्षा नवा घेणे स्वस्त पडते, असा त्यांचा हिशोब होता.

गोरे आणि गुलाम यांच्यामध्ये आणखी एक वर्ग होता. हे मिश्र वंशाचे व मुक्त झालेले काळे लोक. त्यांच्यातील काहींकडे जमिनी होत्या, स्वतःचे गुलामही होते. पण गोऱ्यांच्या पंक्तीत त्यांना स्थान नव्हते. वरच्याने खालच्याला तुच्छ लेखायचे आणि त्या खालच्याने आपल्याही खालच्याला, ही उतरंड आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

बंड आणि तूसाँ लुव्हर्तुर

१७८९ मध्ये फ्रान्सने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असे त्यात म्हटले होते; मात्र गुलाम त्या ‘सर्वां’त धरले नव्हते. २२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री उत्तरेकडील मळ्यांवर गुलामांनी उठाव केला. बुकमन नावाचा एक गुलाम त्यांचा पहिला पुढारी होता. काही आठवड्यांतच शेकडो मळ्यांची राख झाली. बुकमन त्याच वर्षी मारला गेला, पण उठाव थांबला नाही.

या उठावाला सैन्याचे रूप दिले ते तूसाँ लुव्हर्तुर यांनी. गुलाम म्हणून जन्मलेले तूसाँ मळ्यावर गुरे राखीत, पुढे गाडीवान झाले. त्यांना लिहितावाचता येत होते. बंडाच्या आधीच ते मुक्त झाले होते, आणि काही काळ त्यांच्याकडे कॉफीची जमीन व तीवर राबणारे गुलामही होते. थोर पुरुषांच्या चरित्रातील अशा गोष्टी झाकून ठेवू नयेत, असे आमचे मत आहे.

उठावाच्या रेट्यामुळे वसाहतीतील फ्रेंच आयुक्ताने ऑगस्ट १७९३ मध्ये उत्तर भागात गुलामी रद्द केली आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या सभेने सर्व फ्रेंच वसाहतींसाठी तसा ठराव केला. तोवर स्पेनच्या बाजूने लढणारे तूसाँ त्यानंतर फ्रान्सच्या बाजूला आले. त्यांनी स्पॅनिश फौजांना मागे रेटले, आणि बेट बळकावण्यासाठी आलेल्या इंग्रजांना १७९८ मध्ये माघार घ्यावी लागली. १८०१ मध्ये त्यांनी वसाहतीसाठी राज्यघटना तयार केली. या भूमीवर गुलाम असू शकत नाहीत, असे तिने ठरविले.

पण मळे बंद पडले तर सैन्याला पैसा कोठून मिळणार, या विचाराने तूसाँ यांनी मुक्त झालेल्या शेतमजुरांना सक्तीने पुन्हा मळ्यांवर कामाला लावले. मजुरी मिळे, पण मळा सोडून जाण्याची मुभा नव्हती. याविरुद्ध उठलेल्या मजुरांची बाजू घेतल्याच्या आरोपावरून त्यांनी आपला पुतण्या म्हणून ओळखला जाणारा सेनापती मोईज याला गोळ्या घालविल्या. सामान्य माणसाला स्वतःचा जमिनीचा तुकडा हवा होता. राज्याला निर्यातीची साखर हवी होती. हा पेच पुढेही सुटला नाही.

नेपोलियनचा पराभव

नेपोलियनला ही घटना मान्य नव्हती. १८०१ च्या अखेरीस त्याने आपला मेहुणा लक्लेर याला वीस हजारांहून अधिक सैन्यानिशी पाठविले. बोलणी करण्याच्या निमित्ताने बोलावून ७ जून १८०२ रोजी तूसाँ यांना पकडण्यात आले. फ्रान्सच्या डोंगराळ भागातील एका थंड किल्ल्यात ७ एप्रिल १८०३ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

पण ग्वादलूप या शेजारच्या बेटावर फ्रान्सने गुलामी परत आणल्याची बातमी येताच सारी भूमी पुन्हा पेटली. पीतज्वराने फ्रेंच सैन्य कापून काढले. लक्लेरही त्यातच गेला. तूसाँ यांचे सहकारी देसालीन यांनी १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तिएर येथे फ्रेंचांचा निर्णायक पराभव केला. १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर झाले. गोऱ्या मालकांनी दिलेले नाव टाकून बेटाच्या मूळ रहिवाशांचे ‘हैती’, म्हणजे डोंगराळ भूमी, हे नाव घेतले गेले. त्याच वर्षी देसालीन यांच्या हुकुमाने मागे राहिलेल्या बहुतेक फ्रेंच गोऱ्यांची, स्त्रियामुलांसह, कत्तल झाली. शतकभराच्या अत्याचाराने तिचे कारण समजते. समर्थन होत नाही.

कर्जाचा कागद

आता हिशोबाकडे वळू. स्वतंत्र हैतीला कोणी मान्यता देईना. आपल्याकडील गुलामांना हे उदाहरण दिसू नये, ही सर्वांची चिंता होती. अमेरिकेने तर १८६२ पर्यंत मान्यता दिली नाही.

१८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने एक फर्मान काढले. हैतीने माजी मळेवाल्यांना भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक पाच वार्षिक हप्त्यांत द्यावेत आणि फ्रेंच मालावर निम्मीच जकात घ्यावी. मग स्वातंत्र्य मान्य करू. या मालकांच्या बुडालेल्या मालमत्तेत गुलामांची किंमतही धरलेली होती. म्हणजे ज्यांना विकत घेतले होते, त्यांनीच व त्यांच्या मुलांनी स्वतःची किंमत मालकाला चुकती करायची! १८०३ मध्ये याच फ्रान्सने हैतीच्या सत्तरपटीहून मोठा लुइझियानाचा मुलूख अमेरिकेला सुमारे ८ कोटी फ्रँकांना विकला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या रकमेचा अर्थ कळतो.

कागदावर सही करण्यापूर्वी तो नीट वाचावा, असे आम्ही काउंटरवर रोज सांगतो. हैतीचे अध्यक्ष ब्वाये यांनी तो वाचला होता. पण कागद घेऊन आलेल्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या मागे चौदा युद्धनौका उभ्या होत्या.

पहिला हप्ता ३ कोटींचा. सरकारच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या सुमारे सहापट. तो भरण्यासाठी पॅरिसमध्येच ३ कोटींचे कर्ज काढावे लागले. रोखे शंभराला ऐंशी या भावाने विकले गेल्यामुळे हाती आले २ कोटी ४० लाख, आणि फेड व व्याज मात्र पूर्ण ३ कोटींवर. आमचे आजोबा सांगत, सावकार वहीत शंभर लिहून हातावर ऐंशी ठेवी. सावकाराने गावात केले तेच पॅरिसच्या पेढीने एका राष्ट्राला केले. भरपाई एक कर्ज, ती भरण्यासाठी दुसरे कर्ज. इतिहासात याला ‘दुहेरी कर्ज’ असेच नाव पडले.

ब्वाये यांनी शेतकऱ्यांवर कर लादले आणि १८२६ च्या कायद्याने त्यांना पुन्हा मळ्यांना बांधले. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली, तरी फेड १८८० च्या दशकापर्यंत चालू राहिली. २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जुनी कागदपत्रे तपासून काढलेल्या हिशोबानुसार हैतीने या दुहेरी कर्जापोटी सुमारे ११ कोटी २० लाख फ्रँक भरले, आजच्या मूल्याने ते सुमारे ५६ कोटी डॉलर होतात. शाळा, रस्ते, दवाखाने यांत घालायचा पैसा दोन-तीन पिढ्या जहाजाने फ्रान्सला जात राहिला. पुढे नवी कर्जे आली. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी हैतीच्या बँकेतील पाच लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले आणि १९१५ ते १९३४ देशच ताब्यात ठेवला.

हैती गरीब का, असे विचारले की तेथील भांडखोर पुढाऱ्यांकडे बोट दाखविले जाते. पुढाऱ्यांचा दोष आहेच. पण खात्याची पहिली पाने फाडून टाकून केवळ शेवटची शिल्लक दाखविणाऱ्याला आम्ही प्रामाणिक हिशोबनीस म्हणणार नाही. १७ एप्रिल २०२५ रोजी, त्या फर्मानाला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, फ्रान्सच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग नेमण्याची घोषणा केली. निदान ती पाने उघडण्याचे ठरले.

आपल्यासाठी

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. समुद्रापलीकडच्या गुलामाचे दुःख पुण्यातल्या माणसाला आपले वाटले. त्याच नात्याने हैतीकडे पाहिले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, या इतिहासातून आम्ही एकच गोष्ट शिकलो. बेडी तुटली की माणूस मोकळा होतो, पण मोकळा राहण्यासाठी हाती जमीन, विद्या आणि स्वतःचा पैसा लागतो. हे नसेल तर मालक दाराने जातो आणि सावकार होऊन खिडकीने परत येतो. बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच इशारा दिला होता, की राजकीय समतेला सामाजिक व आर्थिक समतेची जोड मिळाली नाही तर ती टिकणार नाही. म्हणून इतिहास वाचताना लढाई कोणी जिंकली एवढ्यावर थांबू नका. त्यानंतर पैसे कोणी भरले आणि कोणाला मिळाले, हेही विचारा. पुष्कळदा खरा निकाल तेथेच लिहिलेला असतो.