कोठाराची किल्ली कोणाच्या हातीं?

पेढींतील आपल्या शिलकेचा आंकडा, रुग्णालयांतील तपासण्यांचे निष्कर्ष, विजेच्या देयकांचा हिशेब, हें सारें आज संगणकांतील माहितीच्या कोठारांत साठविलेलें असतें. यालाच तज्ज्ञ ‘डेटाबेस’ म्हणतात. १९७० सालीं एडगर कॉड यांनीं माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांच्या रूपानें मांडण्याची पद्धति सुचविली. आजचीं अनेक मोठीं कोठारें तिच्याच पायावर उभीं आहेत. परंतु कोठार भरलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. त्याचें दार कोणीं उघडावें, हा प्रश्न उरतोच.

जुनी रीत अशी, कीं एक परवलीचा शब्द ठरवावयाचा आणि तो आज्ञावलींतच लिहून ठेवावयाचा. आज्ञावलीच्या दहा प्रती निघाल्या कीं शब्दाच्याहि दहा प्रती निघाल्या! नोकर काम सोडून गेला, तरी तो शब्द त्याच्या स्मरणांतून काढून घेतां येत नाहीं. पुढें कोणी आपला हिशेब चोरून पाहिला, तर नोंदवहींत सांपडतें तें सामाईक किल्लीचें नांव, माणसाचें नव्हे.

यावरील उपाय म्हणजे कोठारास एका स्वतंत्र प्रवेश-नियंत्रकाशीं जोडणें. ही कल्पना अगदीं नवी नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९८३ सालीं ‘अथेना’ प्रकल्प सुरू झाला आणि त्यांतून ‘केर्बेरॉस’ ही व्यवस्था जन्मास आली. ग्रीक पुराणांतील पाताळाच्या दारावर राखण करणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचें हें नांव. परवलीचा शब्द तारांवरून न धाडतां ठराविक मुदतीचें तिकीट द्यावयाचें, हें तिचें मर्म होय.

ॲमेझॉनची ‘आरडीएस’ ही कोठार-सेवा त्याच कंपनीच्या ‘आयएएम’ या नियंत्रकाशीं जोडतांना मुदतीच्या परवान्याचें हेंच तत्त्व दिसतें. पोस्टग्रेस जातीच्या कोठारांत व्यवस्थापक प्रथम ही सोय चालू करतो, प्रत्येक कामासाठीं निराळें खातें उघडतो आणि त्यास ‘आरडीएस_आयएएम’ ही भूमिका देतो. कोणत्या खात्यानें कोणास आंत जातां येईल, हें तो नियंत्रकाकडे नोंदवितो. मग आज्ञावली आपल्या ओळखीच्या बळावर सहीचा एक परवाना तयार करते व परवलीच्या शब्दाऐवजीं तोच दाखविते. हा परवाना अवघीं १५ मिनिटें चालतो आणि तो गुप्तलेखनाच्या आवरणांतूनच न्यावा लागतो.

येथें तीन गोष्टी ध्यानांत धराव्या. परवाना तपासला जातो तो दारांत शिरतांना. १५ मिनिटें उलटलीं म्हणून आंत असलेल्यास कोणी बाहेर काढीत नाहीं. अधिकार काढून घेतल्यावर चालू जोडणीहि तोडावयास हवी. दुसरें, नियंत्रक सांगतो तें ‘हा कोण’ एवढेंच. कोणता तक्ता वाचावा व कोणता बदलावा, हें कोठारांतच ठरवून द्यावें लागतें. तिसरें, द्वारपाळच आजारी पडला तर नवा कोणीहि आंत येऊं शकत नाहीं. म्हणून एखादी आपत्कालीन किल्ली मोहोरबंद ठेवणें शहाणपणाचें.

हा सारा खटाटोप आपल्याच घरच्या गोष्टी झांकून ठेवण्यासाठीं आहे. म्हणून ज्या संस्थेस आपण आपली माहिती देतों, तिला निःसंकोच विचारावें: ही माहिती कोण पाहूं शकतो, आणि पाहिल्यावर त्याचें नांव मागें राहतें काय?