समुद्राचा बहर आणि जीवाणूंची पंगत

आम्ही थेरगावात बचत गटांचं काम बघतो. बैठकीत हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, की गप्पा सुरू होतात. हिवाळा आला की कुणाच्या तरी मोबाइलवर कोकण किनाऱ्याचा व्हिडिओ येतोच. रात्रीची वेळ असते आणि लाट फुटली की निळा उजेड पडतो. नोव्हेंबर २०२० मध्ये तर मुंबईला जुहूच्या किनाऱ्यावरही अशा लाटा दिसल्या होत्या. मग प्रश्न येतात. हा चमत्कार आहे का? पाण्यात केमिकल सोडलंय का? असल्या पाण्यातला मासा घरी आणावा का?

आज या प्रश्नांबद्दल बोलू. थोडक्यात उत्तर असं, की हा चमत्कार नाही आणि तो उजेड केमिकलचाही नाही. तो जिवंत जिवांचा आहे. पण हे जीव एकाएकी इतके का वाढतात आणि नंतर त्यांचं काय होतं, हे समजून घेतलं तर आपल्या मोरीतून जाणाऱ्या पाण्याकडेही आपण वेगळ्या नजरेने बघू.

समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म वनस्पती असते. पुस्तकात तिला वनस्पती प्लवक म्हणतात, आपण सूक्ष्म शेवाळ म्हणू. झाडासारखंच तेही उन्हावर आपलं अन्न तयार करतं आणि प्राणवायू सोडतं. पृथ्वीवर हिरव्या जिवांकडून जेवढं अन्न तयार होतं, त्यातलं जवळजवळ निम्मं हे समुद्रातलं शेवाळ करतं. बांगडा, तारली, कोळंबी, सगळ्यांच्या जेवणाची सुरुवात इथूनच होते.

या शेवाळाचाही हंगाम असतो. ऊन वर असतं, पण खत खाली, खोल पाण्यात साठलेलं असतं. पावसाळ्यात नैऋत्येचे वारे सुटले की अरबी समुद्रात खालचं थंड, खताचं पाणी वर सरकतं. हिवाळ्यात उत्तरेकडे वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली जातं आणि खालचं वर मिसळतं. ऊन आणि खत यांची अशी गाठ पडली की शेवाळ भराभर वाढतं. आंब्याला मोहोर येतो, तसा हा समुद्राचा बहर. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने समुद्राच्या पाण्याचा हिरवेपणा आणि तापमान बघते आणि मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते मच्छीमारांना कळवते. म्हणजे कोळी बांधवांच्या जाळ्याचा हिशोबही या बहरापाशी येतो.

आता या गोष्टीतली दुसरी मंडळी, जीवाणू. समुद्राच्या एका चमचाभर पाण्यात साधारण पन्नास लाख जीवाणू असतात. जीवाणू म्हटलं की आपल्याला आजार आठवतो, पण यातले बहुतेक कुणालाच आजारी पाडत नाहीत. कंपोस्टच्या खड्ड्यात जे काम चालतं, तेच ते समुद्रात करतात. मेलेलं कुजवतात आणि त्याचं खत पुन्हा पाण्यात सोडतात.

शेवाळ आणि जीवाणू यांच्यात उसनवारी चालते. शेवाळाने तयार केलेली थोडी साखर पाण्यात झिरपते, ती जीवाणू खातात. बदल्यात जीवाणू शेवाळाला खत देतात आणि बी-१२ जीवनसत्त्वही देतात. हे नाव आपल्या ओळखीचं आहे. आपल्यातल्या कितीजणींना डॉक्टरांनी त्याच्या गोळ्या नाहीतर इंजेक्शन लिहून दिलं आहे! झाडं किंवा प्राणी बी-१२ बनवू शकत नाहीत. ते मुळात जीवाणूच बनवतात. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी शेवाळाच्या तीनशेहून जास्त जाती तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक जातींना बी-१२ बाहेरून घ्यावं लागतं असं दिसलं. समुद्रातल्या शेवाळालाही ती गोळी जीवाणूंकडूनच मिळते.

बहर ओसरायला लागला की मात्र चित्र बदलतं. शेवाळ मरतं, फुटतं आणि त्याच्या अंगातलं सगळं पाण्यात येतं. मग जीवाणूंच्या पंगती बसतात. उत्तर युरोपात जर्मनीचं हेल्गोलँड नावाचं बेट आहे. तिथे २००९ मध्ये वसंतातल्या बहराच्या वेळी शास्त्रज्ञांनी सतत पाणी तपासलं आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांना दिसलं की सगळे जीवाणू एकदम जेवत नाहीत. आधी एक गट येतो, तो शेवाळातल्या लांबलचक, चिवट साखरेचे तुकडे करतो. मग दुसरा गट येतो, तो सुटे तुकडे आणि उरलंसुरलं उचलतो. प्रत्येकाची हत्यारं वेगळी, म्हणून प्रत्येकाचं ताटही वेगळं.

काही जीवाणू तर आधी मित्र असतात आणि नंतर उलटतात. अंगावर चुन्याच्या चकत्या बाळगणारी शेवाळाची एक जात आहे. शेवाळ तरुण असताना तिच्याजवळ राहणारे जीवाणू तिची वाढ व्हावी असे पदार्थ देतात आणि रोगजंतूंपासून तिला सांभाळतात. पण शेवाळ म्हातारं होऊन त्याचं अंग झिजायला लागलं, की त्यातून सुटणाऱ्या एका पदार्थाची चाहूल लागून तेच जीवाणू विष बनवायला लागतात. प्रयोगशाळेतलं हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं.

पंगत म्हटली की खर्च आलाच. जीवाणूंना जेवताना प्राणवायू लागतो. बहर बेताचा असेल तर लाटा हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळत राहतात आणि भरपाई होते. पण बहर फार मोठा असेल आणि मेलेलं शेवाळ तळाला साचलं, तर प्राणवायूचा साठा संपत जातो. आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ असं दरवर्षी होतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये दाखवून दिलं की पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, किनाऱ्याजवळच्या तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ संपतो. काही जागी तर सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू तयार होतो. हे मुळात निसर्गाचंच चक्र आहे. पण जमिनीवरून खत आणि सांडपाणी येत राहिलं की ते चक्र जास्त घट्ट आवळतं. याच सुमाराला नारळी पौर्णिमा होऊन होड्या समुद्रात गेलेल्या असतात. तळाजवळच्या माशांना आणि कोळंबीला तिथे राहणं अवघड होतं. मासा लांब गेला की डिझेल जास्त लागतं, आणि बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईच्या हातात कमी पैसे राहतात.

आता निळ्या उजेडाकडे येऊ. उजेड देणाऱ्या या जिवाचं नाव नॉक्टिलुका. तो एका पेशीचाच, पण मोठा असला तर राजगिऱ्याच्या दाण्याएवढा असतो. पाणी हललं की तो चमकतो. तो इतर शेवाळ खातो, म्हणून शेवाळाच्या बहरामागोमाग त्याचाही बहर येतो. त्याची एक हिरवी जातही आहे. ती आपल्या अंगात बारीक हिरवं शेवाळ भाडेकरूसारखं ठेवते आणि त्याने केलेल्या अन्नावरही जगते. अरबी समुद्राच्या उत्तर भागात २००० सालानंतर हिवाळ्याच्या शेवटी या हिरव्या जातीचे मोठे बहर दिसू लागले. जोकिम गोएस, हेल्गा गोम्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलं की प्राणवायू कमी असलेलं पाणी वर पसरतंय, म्हणून या जातीचं फावतंय. दुसऱ्या काही भारतीय शास्त्रज्ञांना प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यातही हे बहर दिसले. त्यामुळे कारणाबद्दल अजून एकमत नाही. म्हणून निळी लाट दिसली की लगेच "प्रदूषण" म्हणू नये, आणि "देवाची करणी" म्हणून फॉरवर्डही करू नये.

मासा खावा का? निळा उजेड दिसला एवढ्याने ताजा मासा वाईट ठरत नाही. पण किनाऱ्याला मरून लागलेला मासा कधीच घेऊ नका. तिसऱ्या, कालवं, शिंपले यांच्या बाबतीत जास्त जपा. ते पाणी गाळून खातात, त्यामुळे विषारी शेवाळाचा बहर असेल तर विष त्यांच्या अंगात साठतं आणि उकळूनही जात नाही. आपल्याच देशात, तामिळनाडूत १९८१ मध्ये आणि केरळात १९९७ मध्ये, असे शिंपले खाऊन माणसं दगावली आहेत. पाण्याचा रंग लाल, तपकिरी किंवा गडद हिरवा झाला असेल तर तिथले शिंपले काही दिवस नकोतच. खाल्ल्यावर ओठ, जीभ बधिर वाटली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता कुणी म्हणेल, ताई, थेरगावात समुद्र कुठे? समुद्र नाही, पण पवना आहे. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला मिळते, पुढे मुळा-मुठा भीमेला आणि भीमा कृष्णेला. कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत उजनीचं धरण लागतं, तिथलं पाणी शेवाळाने हिरवं झालेलं अनेकांनी पाहिलं आहे. पवनेवर वाढणारी जलपर्णी आपण तर रोजच बघतो. ती सूक्ष्म शेवाळ नाही, पण ती फोफावते त्याच कारणाने. सांडपाण्यातलं खत तिला आयतं मिळतं. ती कुजली की इथेही जीवाणूंच्या पंगती बसतात, प्राणवायू संपतो आणि मासे तरंगतात. समुद्रात जे घडतं, तेच आपल्या पुलाखाली घडतं.

आमच्या गटांनी चार गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हीही करून बघा. खरकटं आणि वापरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही. कपड्यांना साबण पावडर मापाने घालायची, शक्य तिथे फॉस्फेट नसलेली घ्यायची. निर्माल्य नदीत सोडायचं नाही, त्याचं खत करायचं. आणि नाल्याचं मैलापाणी शुद्ध न होता नदीत जाताना दिसलं, तर फोटो, जागा आणि तारीख लिहून गटाच्या नावाने महापालिकेकडे तक्रार करायची आणि तिचा क्रमांक वहीत नोंदवायचा. एकटीचा अर्ज फाईलमध्ये राहतो. वीस सह्यांच्या अर्जाचं काय झालं, ते विचारायला वीसजणी जाऊ शकतात.

जीवाणू त्यांचं काम करतच राहणार. त्यांच्या पंगतीला किती वाढायचं, त्यातलं थोडं तरी आपल्या हातात आहे. तुमच्या वस्तीतला नाला कुठे नदीला मिळतो ते या आठवड्यात बघून ठेवा आणि पुढच्या बैठकीत सांगा.