पुरुषांचे लांब केस : निगा आणि बांधणी

मुलानें केस मानेखालीं वाढूं दिले म्हणजे पुष्कळशा सुशिक्षित घरांत अजूनहि दोन पक्ष पडतात. वडील मंडळींस तें बेशिस्तीचें लक्षण वाटतें. तरुणास तो केवळ आपल्या आवडीचा प्रश्न वाटतो. इतिहास पाहूं गेल्यास तो तरुणाच्या बाजूनें बराच बोलतो. इसवी सनापूर्वीं ४८० सालीं थर्मापिलीच्या खिंडींत इराणी बादशहाचा हेर ग्रीकांची छावणी न्याहाळावयास गेला, तेव्हां मरणाच्या दारीं उभे असलेले स्पार्टाचे योद्धे त्यास आपले लांब केस विंचरीत बसलेले दिसले, असें हिरोडोटस या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. जपानांत १८७१ सालच्या राजाज्ञेनें माथ्यावरची गांठ सोडण्याची मोकळीक मिळाली. तरी सूमो मल्ल ती आजहि राखतात, आणि ती घालून देणें हाच ज्यांचा व्यवसाय असे केशकार त्यांच्यासाठीं असतात. आपल्याकडेहि शेंडी आणि घेरा यांची निगा हा पुरुषांच्या नित्यक्रमाचा एक भाग होता.

परंतु याच दाखल्यांतून एक गोष्ट वडील मंडळींच्याहि बाजूची निघते. जेथें पुरुषांनीं केस राखले, तेथें त्यांबरोबर केसांची शिस्तहि आली. याचें उत्तम उदाहरण शीख पंथाचें होय. ज्यांचे अखेरचे दिवस आपल्या नांदेड येथें गेले, त्या गुरु गोविंदसिंहांनीं १६९९ सालीं आनंदपुर येथें खालसाची स्थापना केली. खालसाच्या पांच ककारांत केश आहे, आणि त्याच्या जोडीला कंघा, म्हणजे लहानशी लांकडी फणीहि आहे. केस राखावयाचे ते विंचरून, स्वच्छ करून, बांधून राखावयाचे, हा त्यांतील अर्थ. केसांची घडण पाहिली म्हणजे ही जोडी किती योग्य आहे हें ध्यानांत येतें.

केसाचा जिवंत भाग म्हणजे त्वचेंत दडलेलें मूळ. बाहेर दिसणारा तंतु केराटिन नांवाच्या प्रथिनाचा असतो; त्यांत रक्त नाहीं आणि मज्जातंतुहि नाहीं. हाताला खरचटलें तर जखम भरून येते. केसाला झालेली इजा कधींच भरून येत नाहीं. केस महिन्याकाठीं सुमारें १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ४५ सेंटिमीटर लांबीच्या केसाचें टोंक जवळजवळ पावणेचार वर्षांचें असतें, आणि तेवढ्या काळाचें ऊन, तेवढीं न्हाणीं व फणीचे तेवढे हिसके त्यानें सोसलेले असतात. आखूड केस ठेवणाऱ्यास हें जाणवत नाहीं. कारण त्याच्या चुका न्हावी दर महिन्यास कापून टाकतो. लांब केसवाल्याच्या चुका मात्र त्याच्या पाठीवर सांठत जातात.

केसाच्या पृष्ठभागावर, छपरावर कौलें रचावीं त्याप्रमाणें, सूक्ष्म खवले टोंकाकडे तोंड करून बसलेले असतात. ते सपाट राहिले म्हणजे केस चमकतात; उचकटले म्हणजे एकमेकांत अडकून गुंता होतो. अंगाच्या साबणानें ते उचकटतात, व विहिरीचें पाणी जड असेल तर त्या साबणाचा चिकट मळहि केसांवर बसतो. म्हणून सौम्य शांपू किंवा चांगली गाळलेली शिकेकाई वापरावी. शिकेकाई डोळ्यांत मात्र जाऊं देऊं नये. चोळावयाची ती डोक्याची कातडी. टोंकें ओघळत्या पाण्यानें आपोआप स्वच्छ होतात. ओला केस अधिक ताणला जातो व लवकर तुटतो. त्यासाठीं न्हाल्यावर खसखसा पुसण्याऐवजीं पंचानें दाबून पाणी टिपावें, आणि रुंद दात्यांच्या फणीनें आधीं टोंकें, मग मधला भाग व शेवटीं मुळें, या क्रमानें विंचरावें. मुळांपासून फणी ओढणारा मनुष्य सगळा गुंता खालीं नेऊन एकाच गांठींत कसतो.

न्हाण्यापूर्वीं खोबरेल लावण्याची आपल्या घरांतील चाल निराधार नाहीं. भारतीय संशोधकांनीं २००३ मध्यें खोबरेल, सूर्यफुलाचें तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तींत केसांतील प्रथिनांची झीज खोबरेलानेंच कमी केल्याचें आढळलें. मात्र पुरुषांना सामान्यतः पडणारें टक्कल आनुवंशिकतेमुळें व शरीरांतील संप्रेरकांमुळें पडतें. तें कोणत्याहि तेलानें थांबत नाहीं.

सर्वांत मोठा धोका बांधणींत आहे. केस रोज एकाच जागीं घट्ट आवळून बांधले म्हणजे कपाळावरचीं व कानशिलांवरचीं मुळें सतत ओढलीं जातात. प्रथम तेथें दुखतें, बारीक पुटकुळ्या येतात, आणि केसांची रेघ मागें सरूं लागते. या वेळीं बांधणी सैल केली तर केस पुन्हां येतात. ओढ वर्षानुवर्षें चालू राहिली तर मुळेंच नष्ट होतात, आणि मग ती जागा कायमची उजाड होते. केस फार ताणून बांधणाऱ्या तरुण शिखांतहि हा विकार वैद्यांनीं नोंदविला आहे. म्हणजे दोष केस राखण्याचा नव्हे, ताणण्याचा. यावर सोपी कसोटी अशी : बांधल्यावर कपाळाची कातडी ओढल्यासारखी वाटली तर गांठ घट्ट झाली असें समजावें. गांठीची जागा बदलत जावी, उघड्या रबराऐवजीं कापडानें मढविलेलें वळें घ्यावें, आणि रात्रीं केस सैल सोडावेत. हेल्मेट घालावयाचें असेल तर केस वाळल्यावर मानेपाशीं सैल बांधावेत.

दिवसाकाठीं ५० ते १०० केस गळणें स्वाभाविक आहे. लांब असल्यामुळें त्यांचा पुंजका मोठा दिसतो, एवढेंच. परंतु एखादी जागा विरळ होऊं लागली तर घरगुती उपायांत महिने न दवडतां त्वचारोगांच्या डॉक्टरांस दाखवावें. फाटे फुटलेलें टोंक कोणत्याहि लेपानें कायमचें सांधत नाहीं. तेथें कात्री हाच इलाज.

तेव्हां घरांतील वडील मंडळींनीं केसांच्या लांबीबद्दल वाद घालण्यापेक्षां फणी, पंचा आणि सैल गांठ यांची चौकशी करावी, हें उत्तम. रोजचीं दहा मिनिटें ज्या तरुणास देववतील त्यानें खुशाल केस वाढवावेत. ज्यास तीं जड वाटतील त्यानें न्हाव्याचें दुकान गांठावें, त्यांत कोणताच कमीपणा नाहीं.