किल्ल्यांची किल्ली कोठे ठेवायची?

२०२५ सालच्या एप्रिलअखेरीस दक्षिण कोरियात मोबाइलच्या दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या. नवे फोन घ्यायला नव्हे, तर चांगली चालणारी सिमकार्डे बदलून घ्यायला! 'एसके टेलिकॉम' या तेथील सर्वांत मोठ्या मोबाइल कंपनीच्या संगणकांतून ग्राहकांच्या सिमकार्डांची गुप्त माहिती चोरीस गेली होती. ग्राहक दोन कोटींहून अधिक आणि कंपनीजवळ शिल्लक कार्डे सुमारे दहा लाख. मग रांगा लागतील नाही तर काय?

पण कार्ड तर ग्राहकाच्या खिशात. मग चोरीला गेले काय? ते समजण्यासाठी सिमकार्डाच्या पोटात डोकावू या.

कार्डावरील सोनेरी पत्र्याखाली एक इवलासा संगणक असतो. त्यात एक गुप्त संख्या साठवलेली असते. ती साधारणतः १२८ अंकांची, पण अंक फक्त ० आणि १. अशा निरनिराळ्या संख्या किती होतील? २ चा १२८ वा घात करा. ३४ वर ३७ शून्ये दिली, की साधारण उत्तर आले! तेव्हा अंदाजाने ती ओळखण्याची आशा सोडाच. या संख्येला आपण 'गुप्तकिल्ली' म्हणू.

फोन सुरू झाला की कंपनीचे केंद्र त्याच्याकडे वाटेल ती एक संख्या पाठवते. कार्ड ती संख्या आणि गुप्तकिल्ली घेऊन एक ठरावीक गणित करते व फक्त उत्तर परत पाठवते. केंद्रही तेच गणित सोडवते. उत्तरे जुळली की ओळख पटली. पुढच्या खेपेस प्रश्न निराळा, म्हणून उत्तरही निराळे. गुप्तकिल्ली स्वतः कार्डाबाहेर पडतच नाही. (गणित मात्र पक्के हवे. १९९८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी त्या काळच्या एका गणितातील दोष हेरून, कार्डाला सुमारे दीड लाख प्रश्न विचारून किल्ली शोधून काढली होती.)

आता असे पाहा. केंद्राला तेच गणित सोडवायचे, तर त्याच्याजवळही तीच किल्ली हवी. एक नव्हे, प्रत्येक ग्राहकाची!

चाणाक्ष वाचक विचारील, 'पासवर्डचा नुसता ठसा साठवतात, तसा किल्लीचा ठसा ठेवला तर?' शंका रास्त आहे. पण पासवर्ड आपण दर वेळी घेऊन येतो, म्हणून तो ठशाशी ताडून पाहता येतो. सिमकार्ड किल्ली कधी आणतच नाही. त्यामुळे केंद्राला मूळ किल्लीच लागते. मग उपाय एकच. ती कूटबद्ध करून, म्हणजे सांकेतिक रूपात, साठवायची. कोरियातील त्या कंपनीने नेमके हेच केले नव्हते. २ कोटी ६० लाखांहून अधिक किल्ल्या तिने उघड्याच ठेवल्या होत्या. तेथील इतर दोन मोठ्या कंपन्या मात्र त्या कूटबद्ध ठेवत, असे चौकशीत दिसले. ऑगस्ट २०२५ मध्ये या कंपनीला सुमारे १३५ अब्ज वॉन दंड झाला.

कूटबद्ध करायलाही एक 'महाकिल्ली' लागते. ती त्याच संगणकात ठेवली, तर तिजोरीला कुलूप लावून किल्ली तिजोरीवरच ठेवण्यासारखे झाले! म्हणून महाकिल्ली एका वेगळ्या, मोहोरबंद पेटीत ठेवतात. ही पेटी म्हणजेही एक संगणकच. कूटबद्ध किल्ली आणि प्रश्नाची संख्या आत जाते. उलगडा आणि गणित आतच होते. बाहेर येते फक्त उत्तर. चांगली पेटी फोडू गेल्यास ती आपली स्मृती पुसून टाकते. म्हणजे केंद्रातील हे एक थोरले सिमकार्डच की!

चोर केंद्रात शिरलाच, तर पेटीला काही प्रश्न विचारू शकेल, हे खरे. पण त्याला हुसकून लावले की ते काम थांबते. त्याने नेलेल्या कूटबद्ध किल्ल्या महाकिल्लीवाचून निरर्थक अंकांची रास असते, आणि कोट्यवधी कार्डे बदलत बसावे लागत नाही.