आर्कराइट म्हणजे कोण?

औद्योगिक क्रांतीच्या धड्यात रिचर्ड आर्कराइट हे नाव आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. पण या आडनावाचा अर्थ काय, हे कधी कुणी विचारलं का? लँकेशायरकडचं हे आडनाव खुद्द इंग्लंडमध्येही कमीच सापडतं.

आधी शेवटचा भाग बघू. हा 'राइट' म्हणजे बरोबर नव्हे, आणि लिहिणंही नव्हे. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ कारागीर, वस्तू घडवणारा. 'वर्क' हा शब्दही त्याच कुळातला. चाकं करणारा तो व्हीलराइट, गाड्या करणारा तो कार्टराइट. नाटककार प्लेराइट, कारण तो नाटक घडवतो. विमानवाले राइट बंधूही यातलेच. आपल्याकडे सुतार, कासार, तांबट ही आडनावं आहेत ना, तसाच प्रकार!

आता 'आर्क'. आर्क म्हटलं की नोहाची नौका आठवते. पण मूळ लॅटिन शब्द 'आर्का', म्हणजे पेटी. उत्तर इंग्लंडमध्ये पीठ, धान्य ठेवायच्या मोठ्या लाकडी पेटीला आर्क म्हणत. तेव्हा आर्कराइट म्हणजे अशा पेट्या करणारा सुतार.

गंमत पुढेच आहे. १७३२ साली प्रेस्टनला जन्मलेला रिचर्ड सुतार नव्हताच. तो न्हावी होता, केसांचे टोप विकायचा. सूत कातण्याचं यंत्र त्याने जॉन के नावाच्या घड्याळजीकडून करवून घेतलं आणि १७६९ मध्ये स्वतःच्या नावाने पेटंट काढलं. १७७१ मध्ये क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी गिरणी उभारायला घेतली. घरोघरी हाताने होणारी सूतकताई हळूहळू गिरणीत गेली. त्याचं १७७५ चं दुसरं पेटंट १७८५ मध्ये कोर्टाने रद्द केलं. त्या खटल्यात के त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा होता. तरी १७८६ मध्ये रिचर्ड 'सर' झालाच.

त्याला नुसता चोर म्हणणंही बरोबर नाही. भांडवल, गिरणी, कामगार, शिफ्ट हे सगळं जुळवून आणणं सोपं नव्हतं. पण आडनावाच्या मूळ अर्थाने बघितलं, तर त्या जोडीतला खरा 'राइट' घड्याळजी के होता.

आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टवर चार नावं असतात. सोल्डरिंग करत रात्रभर जागलेलं त्यातलं नाव कुठलं, हे अख्ख्या हॉस्टेलला माहीत असतं. व्हायवाला निदान त्याला आधी बोलू द्या!