बेसिनमधला भोवरा कुणाचं ऐकतो?

केनिया देशात नान्युकी नावाचं गाव आहे. विषुववृत्त या गावावरूनच जातं. रस्त्याकडेला तशी पाटी आहे, पाटीपाशी पर्यटक जमतात आणि तिथे तळाला भोक असलेलं भांडं घेऊन कुणीतरी खेळ दाखवत असतो. पाटीपासून वीसेक पावलं उत्तरेला जायचं, भांड्यात पाणी ओतायचं, वर काडी टाकायची आणि भोकावरचं बोट काढायचं. पाणी गळायला लागतं, काडी गरागरा फिरते. मग तेवढीच पावलं दक्षिणेला. आता काडी चक्क उलटी फिरते! आणि पाटीखाली उभं राहिलं की फिरतच नाही. टाळ्या पडतात, पैसेही मिळतात.

खेळ झकास आहे. पण त्यात हातचलाखी आहे, पृथ्वीचा काही संबंध नाही.

‘असं कसं? उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे, हे तर बाईंनी भूगोलाच्या तासाला शिकवलंय!’ अगदी खरं शिकवलंय. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तिच्याबरोबर विषुववृत्तावरचा माणूस ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेला जात असतो, मुंबईतला साधारण १५८० च्या वेगाने, आणि ध्रुवावरचा नुसता जागच्या जागी गिरकी घेतो.

आता समजा, अरबी समुद्रावर कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. चहूबाजूंनी हवा तिकडे धावते. दक्षिणेकडून येणाऱ्या हवेला पूर्वेचा वेग जास्त, म्हणून ती मध्य चुकवून पूर्वेला जाते. उत्तरेकडून येणारी मागे पडते, म्हणजे पश्चिमेला राहते. दोघी आपापल्या उजवीकडेच वळल्या की नाही? सगळी हवा अशी उजवीकडे चुकत गेली की मध्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चक्र सुरू होतं. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर धडकलेलं निसर्ग चक्रीवादळ असंच फिरत होतं. ऑस्ट्रेलियाकडची वादळं काट्यांच्या दिशेने फिरतात. याला म्हणतात कोरिऑलिस परिणाम. गास्पार कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ साली त्याचं गणित मांडलं. गंमत म्हणजे त्याच्या डोक्यात वादळं नव्हतीच, पाणचक्कीसारखी फिरणारी यंत्रं होती.

मग बेसिनमधलं पाणी का ऐकत नाही? वादळ शेकडो किलोमीटर पसरतं आणि दिवसचे दिवस घोंगावतं. तुमचं बेसिन हातभर, आणि ते मिनिटाभरात रिकामं! एका मिनिटात पृथ्वी फिरते अवघी पाव अंश. घड्याळातला तासकाटासुद्धा तेवढ्या वेळात याच्या दुप्पट सरकतो. शिवाय हा पाव अंश पुरता मिळतो तो ध्रुवावर. महाराष्ट्रात त्याचा जेमतेम एक तृतीयांश. त्यापेक्षा नळाची धार एका बाजूला पडली, हात धुताना पाणी ढवळलं गेलं, जाळीत केस अडकला, तरी पाण्यावर त्याचाच जोर जास्त चालतो.

आणि विषुववृत्तावर? तिथे हा परिणाम शून्य! वीस पावलं इकडे-तिकडे गेल्याने शून्यात काय भर पडणार? म्हणजे खेळासाठी निवडलेली जागाच सगळ्यांत चुकीची. पाणी ओततानाच धार भांड्याच्या कडेने जरा तिरकी सोडली की काडी हवी तशी फिरते.

पण पाण्याला पृथ्वीचं ऐकायला लावता येतं बरं का! अमेरिकेत बोस्टनजवळच्या एमआयटी या संस्थेतल्या ॲशर शपिरो यांनी १९६२ मध्ये ते करून दाखवलं. त्यांनी सहा फूट व्यासाची, सपाट तळाची गोल टाकी घेतली. मधोमध बोराच्या बीएवढं भोक. त्याला खालून लांब नळी जोडली आणि बूच नळीच्या दुसऱ्या टोकाला लावलं, म्हणजे बूच काढताना टाकीला धक्का नको. पाणी मुद्दाम काट्यांच्या दिशेने फिरेल असं भरलं. वर प्लॅस्टिक झाकलं, खोलीचं तापमान सारखं ठेवलं आणि २४ तास थांबले. तास-दोन तासच थांबलं, तर पाणी भरतानाचीच फिरकी धरून बसायचं!

मग बूच काढलं. टाकी रिकामी व्हायला लागली सुमारे २० मिनिटं. पहिली बारा-पंधरा मिनिटं पाण्यावरची लाकडी फुली ढिम्म. त्यानंतर ती हळूच वळायला लागली, काट्यांच्या उलट दिशेने! १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला शास्त्रज्ञांनी असाच प्रयोग केला, तिथे पाणी काट्यांच्या दिशेने फिरलं. म्हणजे ऐकीव गोष्टीत तथ्य आहे, पण एवढा खटाटोप केल्यावर.

तुम्हीही एक करा. बूच असलेलं बेसिन भरा, पाणी बोटाने हलकेच डावीकडे फिरवा, मिनिटभर थांबून बूच काढा. मग उजवीकडे फिरवून बघा. मग अजिबात न फिरवता. खाली बादली ठेवता आली तर ठेवा, पाणी झाडांना घालता येईल. भोवऱ्याची दिशा दर वेळी वहीत लिहा. तुमची मावशी किंवा काका मेलबर्न-सिडनीकडे राहत असतील, तर त्यांनाही अशीच नोंद करायला सांगा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून कुठली भारतातली आणि कुठली ऑस्ट्रेलियातली हे कुणाला ओळखता आलं, तर आम्हाला जरूर कळवा.